नकाशावरची मटकी

मतदानाच्या सुट्टीच्या सकाळी वल्लरीने स्वयंपाकघरातले मूग आणि मटकीचे दोन डबे थेट हॉलच्या फरशीवर आणून रिकामे केले. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने पुठ्ठ्यावर शहरातल्या तीन इमारतींच्या एकेका मजल्याचा नकाशा काढला होता. मत देऊ शकतो तो मूग, नाही ती मटकी. हौगांग भागातला तिचा स्वतःचा मजला, मरीन परेड आणि पुंगोलमधले बाकी दोन मैत्रिणींचे.

हौगांग हिरवंगार झालं. मरीन परेडच्या कॉन्डोत मटकीच मटकी. सगळे नोकरीच्या पासवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर, परदेशातून आलेले. खरी गंमत केली पुंगोलने. घरोघरी इथलेच नागरिक, तरी मटकीचा हा ढीग! वल्लरी पालथी पडून बघत राहिली आणि मग खुदकन हसली. पुंगोलची मटकी अजून रांगत होती. तिला मतदानाच्या वयाची, एकवीस वर्षांची, व्हायला पुष्कळ अवकाश होता.

म्हणजे मटकी-मटकीतही फरक असतो तर.

मग तिने आपलं घर मांडायला घेतलं. बाबा सकाळी लवकरच रांगेत उभे राहून मत देऊन आलेले, म्हणून मूग. ती स्वतः मटकी, पण पुंगोलवाली. आणि आई? तूर्त मटकी.

आई वल्लरीच्या जन्माआधीपासून याच मजल्यावर. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मांजर हरवली, सगळं तिला ठाऊक. पासपोर्ट मात्र अजून भारताचाच. इथलं नागरिकत्व मंजूर झालं होतं. ते घ्यायचं तर तो पासपोर्ट सोडायचा, आणि होकार कळवायची मुदत याच आठवड्यात संपत होती. बाबांनी विचारणं सोडून दिलं होतं. वल्लरीने नव्हतं.

उसळीसाठी डबा शोधत आई बाहेर आली, तशी तिने विचारलंच, "आई, मटकीचा मूग होतो का गं?"

"होतो की. पण मग मटकी उरत नाही."

"पण पुण्यात तू मूगच ना?"

"तिथे जाऊन मत द्यावं लागतं, बाई. शेवटचं कधी दिलं, आठवतही नाही." आई नकाशावर वाकली. "यात पुणं कुठाय?"

वल्लरीने सोफ्याच्या पलीकडे कुठेतरी बोट दाखवलं.

दार वाजलं. शेजारच्या लिम आजी नटूनथटून उभ्या होत्या. दर निवडणुकीला आई त्यांना हात धरून समोरच्या शाळेतल्या मतदान केंद्राच्या गेटपर्यंत नेई आणि, आत फक्त मतदारांनाच सोडत म्हणून, छत्री घेऊन बाहेर थांबे. आजी आज त्यांच्या नेहमीच्या 'लाह'च्या ठेक्यात कुरकुरल्या, की गेटपर्यंत तू धरतेस, आत माझा हात कोण धरणार लाह?

आई हसली. चपला घातल्या. मग तशीच परत आली, नकाशावरची आपली मटकी उचलली आणि मूठ मिटली. दुसऱ्या हाताने तिने आजींचा हात धरला.

वल्लरी कॉरिडॉरच्या कठड्यावरून बघत होती. आजी एकट्याच आत गेल्या. आई गेटपाशी थांबली. ऊन रणरणत होतं, पण छत्री उघडायची सोडून तिने मूठ उघडली आणि तळहातावरच्या मटकीकडे बघत राहिली.