चार हजार सोळा

फर्स्ट शिफ्टची बस विलासला चाकणहून आणून आकुर्डीच्या चौकात चारला सोडते. एरवी तो रमतगमत येतो. आज बूटही न काढता त्याने मोबाइल पोरीपुढे धरला.

"आला बघ तुझा ओटीपी. लिही, इंजिनिअरबाई."

मैत्री लॅपटॉपसमोर बसली होती. फॉर्म बापाच्या नंबरवर नोंदवलेला, त्यामुळे त्याच्यावाचून पुढे सरकत नव्हता, आणि आज शेवटची तारीख. पण फॉर्म होता विद्यापीठाच्या बीबीएचा. इंजिनिअरिंगची मुदत परवाच संपली होती, आणि हिने ती जाणूनबुजून संपू दिली होती. घरात हे फक्त तिच्या आईला, आम्रपालीला, ठाऊक होतं. "तुझं तू सांग, मला मधे घेऊ नकोस," एवढं बोलून ती चहाला लागली होती.

"चार," विलास चष्मा सारखा करून वाचू लागला. "सात. शून्य..."

पोरगी इंजिनिअर होणार, हे त्याने कंपनीत लायनीवरच्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मैत्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं बोट तिसऱ्या आकड्यावर अडलं.

"पप्पा, हा इंजिनिअरिंगचा फॉर्म नाही. बीबीएचा आहे."

"मग तो कधी भरायचा?"

"त्याची तारीख गेली. मी भरलाच नाही. मशिनीत माझा जीव रमत नाही, पप्पा. पण तुमच्याशी खोटं बोलले, ते चुकलं."

विलासने बूट काढले. जोडीने रॅकमध्ये ठेवले, मोजे आत खोचले.

"बीबीए करून काय होतं माणूस?"

आता आणखी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "एचआर."

स्वयंपाकघरातला चमचा थांबला. या घरात तो शब्द शिवीच्या जागी वापरतात. दिवाळीनंतर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एचआरच्या एका मुलीने कमी केलेल्या कामगारांची यादी वाचली होती. त्यात खालच्या मजल्यावरचे नवनाथकाका होते, मैत्रीला सायकल शिकवणारे. आता ते रिक्षा चालवतात. विलासने त्या मुलीला आठ दिवस शिव्या घातल्या होत्या, अगदी ताटावर बसूनसुद्धा.

"जिन्यात नवनाथकाका दिसले की मला मान वर करवत नाही," मैत्री म्हणाली. "पण मला हेच करायचंय."

चहा आला. विलासने कप हातात घेतला, प्यायला नाही.

"मी आणि नवनाथ एकाच दिवशी लागलो. त्याचं टोकन चार हजार सोळा, माझं सतरा. ती बया नुसते नंबर वाचत होती. चार हजार सोळा म्हणाली आणि कागदाची घडी घातली." तो कपातच बघत होता. "मला बरं वाटलं गं. नवनाथ शेजारी बसलेला, आणि मला बरं वाटलं. त्या पोरीला उगीच शिव्या घातल्या."

आम्रपाली दारात उभी होती. इतक्या महिन्यांत हे तिच्याही कानावर आलं नव्हतं.

"तिने नवनाथचं नाव घेतलं असतं, तर मी उठून काहीतरी बोललो असतो. निदान मला तसं वाटतं. नंबर होता, म्हणून बसून राहिलो."

ओटीपीची वेळ केव्हाच टळून गेली होती. मैत्रीने पुन्हा पाठवायचं बटण दाबलं. बापाच्या हातातला मोबाइल वाजला.

त्याने कप खाली ठेवला आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला.

"तुझ्यावर वेळ आली तर नाव घे. बापाच्या नावासकट, पूर्ण," तो म्हणाला. "हं, लिही. आठ."