कडब्याचा रंग

“अण्णा, तुम्ही घडवलेल्या पटाशीला आताशा धार का टिकंना?” हे अण्णांना विचारायची मैत्रिणींनी पैज लावली होती, मी कसली माघार घेतेय. एकीचे वडील निलंग्यात सुतार, तक्रार त्यांचीच. “बापाला असं विचारतेत व्हय?” आई ओरडली. टोकाला जुन्या कानशीचं पोलाद वेल्डिंगनं जोडलेली पटाशी अण्णांनी भट्टीवर धरली. तिच्यावर कडब्यासारखा पिवळा रंग चढला की लगेच पाण्यात बुडवून पाणी पाजायचं, तरच धार टिकते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पिवळा आला, जांभळा होऊन गेला, तरी अण्णा वाटच बघत होते. वेल्डिंगच्या उजेडानं अधू झालेल्या डोळ्यांना रंग दिसत नव्हता, आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसरी पटाशी पिवळी होताच मी म्हणाले, “आता.” मान खालीच ठेवून त्यांनी ती पाण्यात बुडवली. “आई, अण्णा, उद्यापासून रंग मी बघणार. शाळा सुटेपर्यंत पाणी पाजायचं नाही.”