कुंपणाजवळची अळंबी

"बघ, लसूण काळी पडली नाही. म्हणजे विषाचं नावही नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांनी कढईवर झाकण ठेवलं.

कालिंदीला ही परीक्षा मुळीच पटली नाही. प्रभादेवीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या कुंपणाजवळ, सुकलेल्या फणसाखाली पांढऱ्या छत्र्या उगवल्या काय आणि सासऱ्यांनी त्या टोपलीभर खुडून आणल्या काय. नवरा टूरवर. आता या हट्टी माणसाला आवरणार कोण?

"अप्पा, ही मुंबई आहे. तुमचं मालवण नव्हे."

"वाळवी मुंबईची असली तरी वाळवीच गो. जिथे वाळवी, तिथे अळंबी. जन्मभर खाल्लीय मी."

तिने टोपलीत उरलेल्या अख्ख्या छत्र्यांचे फोटो काढून यशोधनला पाठवले. तो तिचा कॉलेजातला मित्र, आता वनस्पतिशास्त्र शिकवायचा. उत्तर येईना. तिची सात वर्षांची लेक मनू मात्र कढईभोवती घुटमळत होती. वासच तसा सुटला होता.

"मनूला आज चाखायलाही द्यायची नाही," कालिंदीने बजावलं.

"बरं बाई. आज मी एकटाच खातो. उद्या धडधाकट उठलो तर तुम्ही खा."

हे तिने मान्य केलं. मनातून वाईट वाटलं, पण म्हातारं माणूस ऐकतच नाही म्हटल्यावर करणार काय? तिने वाटी भरून अप्पांच्या खोलीत ठेवली आणि ती कपडे वाळत घालायला गेली. परतली तेव्हा वाटी चाटूनपुसून रिकामी होती.

सकाळी अप्पा शिवाजी पार्कला फेरी मारून, येताना दूध घेऊन आले. कालिंदीचा जीव भांड्यात पडला. उरलेली अळंबी गरम करायला ठेवणार, तोच यशोधनचा फोन आला.

"बुडाशी पिशवी दिसतेय, कालिंदी. जहरी आहे ती. कोणी खाल्ली असेल तर आधी हॉस्पिटल गाठ. याचा त्रास उशिरा सुरू होतो, तोवर माणूस ठणठणीत वाटतो."

ती अप्पांच्या खोलीकडे धावली.

"अप्पा, चपला घाला. टॅक्सी बोलावते. ती अळंबी विषारी होती."

"मग मला कशाला नेतेस? मी कुठे खाल्ली?"

कालिंदी मटकन खाली बसली. तिला चक्क हसू आलं. सुटलो बाई एकदाचे.

"मग वाटी कुठे ओतलीत?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वर्षाचं नवं आलं की पहिला घास घरच्या लेकीचा, ही आपली रीत. एकच घास भरवणार होतो गो. पोरीला इतकी आवडली, की वाटी तिनेच संपवली."