रिकामा कोपरा

पोळा तोंडावर आला होता आणि वालूरच्या चंद्रप्पाचा हौश्या बैल गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला कपाळ लावून उभा होता. ना चारा, ना रवंथ.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. "ताप नाही. आजार शिरला की रक्तातून मेंदूला निरोप जातो. मग जनावर खाणं सोडतं, कळपापासून बाजूला होतं."

"निरोप तर पोचलाय, डॉक्टरसाब. मग आजार कुठं हाय?"

डॉक्टर बॅग आवरू लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, चंद्रप्पा बैलाच्या खांद्याला चोळायला हळद-तूप घेऊन गोठ्यात गेला, तर हौश्या कोपरा सोडून निवांत रवंथ करत उभा! चंद्रप्पाचा जीव भांड्यात पडला. "उद्या जेवायला या, राजा," म्हणत त्यानं बैलाच्या खांद्याला हात लावला.

हौश्यानं तो हात हुंगला. रवंथ थांबली. तो मागं सरला. मग गाय सरली, वासरूही सरलं. दावं पुरेल तितकी सगळी लांब झाली. कोपरा तेवढा रिकामा राहिला.

"अवो, भाकर निवायलीय!" त्याच्या बायकोनं, नीलम्मानं, घरातून हाक दिली.

भाकरीचं नावही चंद्रप्पाला नको वाटलं. तो कोपऱ्यात गेला आणि त्यानं भिंतीला कपाळ टेकलं. लय गार वाटलं.

मागं सगळी जनावरं पुन्हा रवंथ करू लागली.