घरी कधी असता?

नंदाने तिसऱ्यांदा बेल दाबली. दाबली कसली, ठेवलेलं बोट उचललंच नाही. आत कोणीतरी चालत होतं, दार मात्र उघडत नव्हतं.

"मालन, दार उघड! मी नंदा, 'हिरवी गॅलरी'ची."

चोर आत होता आणि आज नंदा त्याला सोडणार नव्हती. गॅलरीत कुंड्या लावणाऱ्या बायकांचा हा मोबाइलवरचा ग्रुप तिने सुरू केला होता. घाटकोपर ते मुलुंड, एकशे चाळीस जणी. एकमेकींना रोपांच्या फांद्या द्यायच्या, घरी जाऊन, दाराच्या कडीला पिशवी अडकवून, ही त्यांची पद्धत. गेल्या महिन्यापासून मात्र सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला होता. कर्जवाले, प्लॉटवाले, क्लासवाले, दिवसभर फोन, आणि तेही नाव घेऊन. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण परवा तेजलच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. "नंदाताईंनी पाठवलंय, जास्वंदीच्या फांद्या न्यायला." घरात तेजलची अकरा वर्षांची मुलगी एकटी. आई चार ते सहा घरी नसते, हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक होतं. पोरीने दार उघडलं नाही म्हणून निभावलं. तेजलने फोनवर रडत रडत हे सांगितलं होतं.

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. जेवताना तेच, कुंड्यांना पाणी घालताना तेच. आपल्यातलीच कोणीतरी सगळ्यांची माहिती विकतेय. उद्या कोणाच्या दारात काय होईल? तिने एकेकीला फोन लावून विचारलं, तुला येतात का गं असले कॉल? सगळ्यांना येत होते. एकट्या मालनला नाही.

सापडली! तशीही ती बाई जरा अजबच. आडनाव सांगत नाही, घरी बोलवत नाही, फांद्या द्यायच्या असल्या की नाहूर स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडे ठेवून जाते. सरळ माणसाला एवढं लपवायला कशाला लागतं? आज दुपारी नंदाने त्या फुलवालीकडून बिल्डिंग काढली आणि वॉचमनकडून फ्लॅट. मग खाली गेटपाशी उभं राहूनच तिने मालनचा फोटो, बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबर, सगळं ग्रुपच्या पेजवर टाकलं. ते पेज सगळ्यांना खुलं, बारा हजार लोक बघणारे. वर लिहिलं, "हीच ती. सावध राहा." आणि जिना चढली.

दार बोटभर उघडलं. साखळी तशीच होती.

"एकशे एकोणचाळीस जणींना फोन येतात, तुला एकही नाही," नंदा कडाडली. "कसं काय गं?"

मालन आधी तिच्या मागे जिन्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तो तक्ता भरला नव्हता ना, ताई."

"कुठला तक्ता?"

"तुम्हीच केलेला. नाव, नंबर, फ्लॅट, घरी कधी असता. पेजवर सगळ्यात वर लावलाय तुम्ही. कोणीही उघडून वाचतं. मी तुम्हाला मेसेजही केला होता तेव्हा."

केला होता. गुड मॉर्निंगच्या ढिगात तो न वाचताच नंदा अंगठा पाठवून मोकळी झाली होती. बंद दाराला अडकवलेल्या फांद्या वाळून जातात म्हणून तिनेच तो तक्ता केला होता. 'घरी कधी असता' हा रकाना तर खास तिच्या डोक्यातला. बायकांनी केवढं कौतुक केलं होतं! तेजलनेही भरला होता, चार ते सहा नसते म्हणून. चोर शोधत नंदा नाहूरपर्यंत आली होती आणि चोरी तिच्या स्वतःच्या हातची होती. तिला त्या जिन्यात तोंड लपवायला जागा उरली नाही.

"मग तू का नाही भरलास?" तिने विचारलं. आवाज पार उतरला होता.

"नवरा शोधतोय मला. दशरथ. पाच वर्षं झाली. मागे एकदा सापडले त्याला, तेव्हा हात मोडला त्याने माझा." मालनने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मला झाडांचं वेड आहे हे त्याला माहितीये. असली पेजं तो रोज चाळतो."

नंदाने घाईघाईने मोबाइल काढला. पेज उघडता उघडेना. तिने टाकलेलं दहा मिनिटांत दोनशे जणांनी पुढे पाठवलं होतं. खाली कमेंटवर कमेंट. शाब्बास ताई. पोलिसात द्या हिला. आणि सगळ्यात शेवटी, चार मिनिटांपूर्वीची, दशरथ नावाने, "ताई, उपकार झाले. निघालोच."

"मालन," नंदा म्हणाली. "अगं, मी आत्ता खाली... तुझा पत्ता पेजवर टाकला गं. त्याने वाचलाय."

मालनने दार पुढे लोटलं. तिने साखळी काढली. दारामागे एक पिशवी भरून तयारच ठेवलेली होती, ती उचलली आणि पायात चपला सरकवल्या.

"माझ्याकडे चल," नंदा तिचा हात धरत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. माझ्या घरी कोण हात लावतो तुला बघते मी!"

मालनने हात सोडवून घेतला.

"ताई, त्या तक्त्यात तुमचाही पत्ता असेल ना?"

होता. पहिल्याच ओळीत, विंग आणि मजल्यासकट. आणि पुढच्या रकान्यात, घरी कधी असता, तिथे नंदाने मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'कधीही या.'