स्प्लॅश शून्य

पोहण्याच्या तलावांवर पालकांना दाखवायची ती फिल्म होती. त्यातलं मुलगा बुडतानाचं पाणी कॉम्प्युटरवर तयार करायचं काम ॲनिमेशन करणाऱ्या एका बाईंकडे आलं होतं. पडद्याकडे बघून दिग्दर्शकाचं डोकंच फिरलं.

"अहो, पाणी कुठे उडतंय? नुसते केस ओले! स्प्लॅशचा आकडा काल मी स्वतः वाढवून गेलो होतो."

"आणि मी आज तो परत शून्यावर आणला."

"वर तोंड करून सांगताय? मूल बुडतंय हे आईबापांना कळायला नको? चांगले हातपाय मारू दे, कॅमेऱ्यापर्यंत पाणी उडू दे, तेव्हा कुठे लोक दचकतील!"

"हो, आणि मग तलावावर बसून उडणाऱ्या पाण्याचीच वाट बघतील!" बाईंनी माऊस टेबलावर आपटला. "माझा धाकटा भाऊ बुडाला ना साहेब, तेव्हा मी त्याचा टॉवेल धरून काठावरच उभी होते. हातभर अंतरावर. एक थेंब उडाला नाही. तो टॉवेल मी कोरडाच्या कोरडा घरी आणला."