परमनंट

"पण जागा आहे का, साहेब?" हरिचंद्रनं विचारलं.

"करू की," दौलतराव म्हणाले. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात ते पर्सोनेल ऑफिसर होते. "उद्या कप आमच्याकडे आला, की सोमवारपासून तुम्ही आमचे. परमनंट."

"म्हणजे मी उद्या..."

"मी काहीच म्हटलेलं नाही. तुम्ही शहाणे आहात."

केबिनमध्ये थिनरचा वास कोंडला होता. हरिचंद्र उठला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पडदा सारून बाहेर पडला आणि मान खाली घालून थेट गेटकडे चालू लागला.

पालेगावचा हरिचंद्र इतकी वर्षं बास्केटबॉलवरच पोट भरत आला होता. आधी ठाण्याची काच कंपनी, मग कुर्ल्याची बिस्किटवाली, मग भोसरीची. टुर्नामेंटचा सीझन आला की हजेरीला नाव लागायचं, सीझन संपला की कटायचं. प्रत्येक ठिकाणचा साहेब एकच म्हणायचा, "कप आणा, परमनंट करतो." कप आणूनही तो टेंपररीच राहिला होता. सध्या बदलापूरच्या पंख्यांच्या कंपनीत होता आणि तिथले मॅनेजर हिंदुरावही अगदी त्याच शब्दांत बोलले होते.

यंदा गुडघ्यानं दगा दिला होता. रात्री त्याची बायको रखमा मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची.

"उद्याचं काय ते खेळा," त्या रात्री शेकता शेकता ती म्हणाली, "पण पुढल्या साली हा पाय तुम्हाला मैदानात न्यायचा नाही. तेव्हा कोण विचारणार आपल्याला?"

दौलतराव भेटल्याचं त्यानं तिला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी उल्हासनगरात फायनल होती. सिमेंटचं कोर्ट तापलं होतं. कॅम्पातले सिंधी दुकानदार अर्धं शटर ओढून मॅच बघायला आले होते. रंगवाल्यांकडून भगवंत खेळत होता. चामटोलीचा भगवंत आणि हरिचंद्र एकाच शाळेत बास्केटबॉल शिकले, एकाच सीझनला कंपन्यांमागे धावू लागले. भगवंतही अजून टेंपररीच. बुटांची नाडी बांधता बांधता तो हरिचंद्रशेजारी येऊन बसला.

"आमचे दौलतराव भेटले का रे तुला?"

"नाही," हरिचंद्र म्हणाला. "का?"

"काही नाही. सहज." भगवंतनं नाडीला दुसरी गाठ मारली. "भेटले असते तर बोलला असतास तू मला."

"बोललोच असतो ना."

शिट्टी झाली.

पहिल्या हाफमध्ये हरिचंद्र जीव तोडून खेळला. सवयच तशी होती. मुद्दाम चुकायचं म्हटलं तरी हात ऐकत नव्हते. भगवंतचा खेळ मात्र साफ बसला होता. पास हातातून निसटत होते, सोप्या बास्केट हुकत होत्या. "ए भगवंत, सो गया क्या?" पब्लिक ओरडत होती. हरिचंद्रला वाईट वाटलं. वय झालं याचंही, तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या हाफमध्ये दौलतराव खुर्ची उचलून कोर्टाच्या कडेला येऊन बसले. हरिचंद्रचे पाय जड झाले. गुडघा धरून तो दोनदा थांबला. हिंदुराव बाहेरून शिव्या घालत होते. बघता बघता रंगवाले एका पॉइंटनं पुढे गेले. काही सेकंदच उरले होते आणि बॉल फिरून हरिचंद्रकडेच आला.

त्यानं ठरवलं. रिंगकडे पाठ होती. तो अर्धवट वळला आणि जाणारच नाही असा बॉल उडवला.

त्याच क्षणी भगवंतनं त्याच्या मनगटावर फटका मारला.

फाउल. दोन फ्री थ्रो.

"पागल है क्या?" रंगवाल्यांचा कॅप्टन भगवंतवर धावून गेला. दौलतराव खुर्चीतून उठले होते. पब्लिक हसत होती, कारण हरिचंद्रचा फ्री थ्रो म्हणजे पॉइंट लिहूनच ठेवायचा.

हरिचंद्र लाइनीवर उभा राहिला. भगवंत शेजारी येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता.

"टाक," तो हळूच म्हणाला. "दोन्ही टाक, हरी."

खिजवतोय, हरिचंद्रला वाटलं. त्यानं वर पाहिलंच नाही. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर आला. दुसरा बोर्डावर आदळला, कुणाच्या तरी हाताला लागून लाइनीबाहेर गेला आणि वेळ संपली.

हिंदुराव तडक निघून गेले. रंगवाले नाचत होते. भगवंत तेवढा बाकावर बसून होता, तोंडावर टॉवेल टाकून. मूर्खासारखा फाउल केल्याची लाज वाटत असेल, असं समजून हरिचंद्र त्याच्याकडे न जाता मागच्या वाटेनं सटकला.

सोमवारी दौलतरावांनी शब्द पाळला. स्वतः त्याला मिक्सिंग खात्यात घेऊन गेले. फोरमनशी ओळख करून दिली.

"भगवंत कुठल्या शिफ्टला असतो, साहेब?" हरिचंद्रनं विचारलं. त्याला कधी ना कधी तोंड दाखवणं भागच होतं.

"भगवंत?" दौलतराव हसले. "अहो, खेळाडूंची जागा एकच आमच्याकडे. त्याचीच तर दिली तुम्हाला. शनिवारी केबिनच्या पडद्याआड उभा राहून सगळं ऐकत होता लेकाचा. काल घरी येऊन पाय धरले माझे, तेव्हा कळलं. तुमच्याआधी मॅच हरायला तोच बघत होता."